मसाई मारात चार रात्री: सिंह आणि बिबटे पाहायला निघणाऱ्यांसाठी

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात सिंह दिसतील का, ही काळजी करू नका. दिसतात, बहुतेकदा पहिल्याच संध्याकाळी. कस लागतो तो बिबट्याला शोधताना, आणि सिंह दिसल्यावर तिथे किती वेळ थांबायचं हे ठरवताना. ऑगस्टमधल्या चार रात्रींच्या या फेरीतलं, पुढे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल तेवढं इथे देत आहे.

नैरोबीहून माई माहिऊ, मग नारोक आणि तिथून सेकेनानी गेट असा रस्ता आहे. आता गेटपर्यंत डांबर आहे, तरी पाच-सहा तास धरून चला. नारोकला डिझेल आणि रोख पैसे घेऊन ठेवा. नैरोबीच्याच विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने तासाभरात पोचता येतं, पण सामानाची मर्यादा साधारण १५ किलो, तीही हातातल्या कॅमेऱ्यासकट, आणि पिशवी मऊच लागते. कडक सूटकेस ते घेत नाहीत.

परदेशी प्रौढाला प्रवेशशुल्क जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असं आहे, रोजचं. निघण्याआधी ताजा दर पाहून घ्या. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ चालतं, म्हणून दुपारी १ वाजता गेटवर पोचणाऱ्याचे निम्मे पैसे वाया जातात. पहिला दिवस गेटबाहेरच्या मुक्कामात काढून दुसऱ्या दिवशी पहाटे आत शिरणं परवडतं.

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या आणि पिवळं कार्ड (लस घेतल्याचा दाखला) पासपोर्टला जोडून ठेवा. परतताना मुंबईला ते नसेल तर ६ दिवसांपर्यंत अलग ठेवतात. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, म्हणून चिवडा-लाडू कापडी पिशवीत किंवा डब्यात न्या. लष्करी छापाचे कपडे अजिबात नकोत, तिथे ते बेकायदा आहेत.

गाडी आणि चालक यांवर निम्मी सहल ठरते. मिनीबसपेक्षा उघडणाऱ्या छताची लँड क्रूझर बरी. मारातली माती आपल्या काळ्या रानासारखीच आहे: दोन सरी पडल्या की चाक नुसतं फिरतं आणि गाडी जागच्या जागी रुतते. गाडीत चारच्या वर माणसं घेऊ नका, म्हणजे प्रत्येकाला खिडकी मिळते. गाइड मागताना केनियातल्या व्यावसायिक सफारी गाइड संघटनेचा ‘सिल्व्हर’ दर्जाचा मागा. पैसे थोडे जास्त जातात, पण गाडी कुठे उभी करायची आणि कुठे नाही हे त्याला कळतं.

सिंहांचा शोध तंबूतूनच सुरू करा. पहाटे पाचला डरकाळी कुठल्या दिशेने येते ते ऐका. शांत रात्री ती आठ किलोमीटरपर्यंत जाते. बरोबर सहाला निघून त्या दिशेला जा. दिवस चढला की सिंह झुडपांत किंवा कोरड्या ओढ्यांत शिरतात आणि झोपतात. चोवीस तासांतले २० तासांपर्यंत ते झोपेतच असतात. झाडांवर बसलेली गिधाडं दिसली, तर खाली शिकारीवर अजून कुणीतरी आहे. गिधाडं जमिनीवर उतरली असतील, तर सिंह बहुधा गेलेले आहेत.

झोपलेला कळप पाहून पाच मिनिटांत निघणं ही सर्वांत मोठी चूक. दुपारी साडेचारनंतर अशाच एका कळपापाशी थांबा. आधी एक सिंहीण जांभई देते, मग दुसरी, तिसरी. त्या अंग ताणतात, एकमेकींना डोकं घासतात. जांभया एकामागून एक आल्या की पंधरा-वीस मिनिटांत कळप उठणार असं समजा. उठून मान खांद्यांच्या खाली गेली आणि एकेक सिंहीण बाजूला पसरली, की शिकार सुरू झाली. अशा वेळी इंजिन बंदच ठेवा. सिंह आणि झेब्रे यांच्या मध्ये गाडी घालणारा चालक असेल, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. उपाशी पिल्लांचा घास जातो.

बिबट्याची गोष्ट वेगळी. जुन्नरच्या उसात राहतो तोच हा प्राणी, तसाच लपून राहणारा. तालेक नदी आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांकाठची मोठी उंबराच्या जातीची झाडं बघत जा. आडव्या जाड फांदीवर दोन्हीकडे पाय सोडून तो पडलेला असतो. पण आधी दिसते ती लोंबणारी शेपूट, म्हणून दुर्बीण (८×४२ पुरते) फांदीच्या खालच्या कडेवरून फिरवा. त्याहून भरवशाची खूण म्हणजे इंपाला (तिथली हरणं): सगळा कळप एकाच दिशेला टक लावून उभा आणि नाकातून फुरफुरतोय. वानर किंवा बबून ओरडत असतील, तर वरच्या फांद्या बघा.

झाडावर शिकार टांगलेली असेल, तर तो दोन-तीन दिवस तिथेच घुटमळतो. सिंह आणि तरस हिसकावून नेतात, म्हणूनच तो ती वर ओढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा त्याच झाडाशी या. शिकार नसेल, तर सूर्यास्ताच्या सुमारास, म्हणजे साडेसहाच्या आसपास उतरतो. पण तोवर तुम्हाला गेटबाहेर पडावं लागतं, आणि नेमकी ती शेवटची मिनिटं हातची जातात. यासाठी एक रात्र नाबोइशो किंवा ओलारे मोटोरोगीसारख्या मसाई मालकांच्या खासगी क्षेत्रात ठेवा. तिथे गाड्या मोजक्या असतात, वाट सोडून जाता येतं आणि रात्रीची फेरीही असते.

झाड आणि झुडूप यांच्या मधली मोकळी जागा गाडीने अडवू नका. तीच त्याची उतरायची वाट असते. चालकाने रेडिओवर ‘चुई’ (स्वाहिलीत बिबट्या) हा शब्द उच्चारला की दहा गाड्या धावत येतात, आणि मग तो अंधार पडेपर्यंत खाली उतरत नाही. माराच्या पश्चिम भागात, म्हणजे मारा ट्रँगलमध्ये, एका प्राण्यापाशी पाचच गाड्यांचा नियम आहे. तो पाळण्याचा आग्रह चालकाकडे धरा. पाच गाड्या उभ्या असतील, तर लांब थांबा.

कॅमेऱ्याला १००-४०० ची लेन्स पुरते. ट्रायपॉड गाडीत अडचण करतो. त्याऐवजी लेन्स टेकवायला रिकामी कापडी पिशवी न्या आणि नारोकला तीत दोन किलो तांदूळ भरा. प्लग तीन चौकोनी दांड्यांचा लागतो. पहाटे गारठा इतका असतो की स्वेटर आणि कानटोपी दोन्ही लागतात. नऊनंतर ते काढून ठेवता येतं.