तेलगळतीची किंमत लोकांना विचारायची कशी?

समुद्रात तेल सांडलं की सफाईची बिलं आणि मच्छीमारांचं बुडालेलं उत्पन्न यांचा हिशेब कागदपत्रांवरून लागतो. पण अलास्कात कधीच पाऊल न टाकणाऱ्या ओहायोतल्या माणसालाही तिथला किनारा शाबूत राहावा असं वाटतं. त्या वाटण्याचं बिल कुठून आणायचं?

मार्च 1989 मध्ये एक्सॉन या तेलकंपनीचा 'एक्सॉन वाल्डेझ' टँकर ब्लाय रीफ या खडकावर आदळला आणि सुमारे 1.1 कोटी गॅलन कच्चं तेल अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंड या खाडीत गेलं. अलास्का राज्यासाठी अर्थतज्ज्ञ रिचर्ड कार्सन आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये 1,043 जणांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या. "सफाईला किती द्याल?" हा प्रश्न त्यांनी मुद्दाम टाळला. मोकळा आकडा मागितला की लोक गोंधळतात, नाहीतर "कंपनीने भरावं" म्हणून शून्य सांगतात. ते शून्य रागाचं असतं, किमतीचं नव्हे.

म्हणून प्रश्न मतदानासारखा ठेवला. दुहेरी कवचाचे टँकर येईपर्यंत दहा वर्षं प्रत्येक टँकरसोबत दोन जहाजं द्यायची, म्हणजे अशी गळती पुन्हा होणार नाही. खर्च एकदाच, करातून. पाठिंबा आहे का? कुणाला 10 डॉलर सांगितले, कुणाला 30, 60 किंवा 120. होकार आला तर पुढचा आकडा चढा, नकार आला तर उतरता. 10 डॉलरला दोन तृतीयांश लोक तयार होते, 120 ला जेमतेम एक तृतीयांश. मध्यक, म्हणजे निम्मे लोक ज्याच्या वर आणि निम्मे खाली असा आकडा, निघाला सुमारे 31 डॉलर. गुणिले नऊ कोटींवर कुटुंबं, म्हणजे 2.8 अब्ज डॉलर. सरासरी घेतली असती तर वरच्या टोकाच्या मोजक्या होकारांनी आकडा कुठल्या कुठे गेला असता.

एक्सॉनच्या पैशातून झालेल्या अभ्यासात 2,000, 20,000 आणि 2,00,000 पक्षी वाचवायला लोकांनी सरासरी 80, 78 आणि 88 डॉलर सांगितले. पक्षी शंभरपट झाले तरी रक्कम जवळपास तीच, म्हणजे पद्धतच भंपक, असा निष्कर्ष निघाला. मला तो घाईचा वाटतो. मुलाखती मॉलमध्ये झाल्या, आणि हे पक्षी एकूण संख्येच्या फार तर दोन टक्के, हेही सांगितलेलं होतं. मग फरक दिसणार कसा?

1993 मध्ये अ‍ॅरो-सोलो या अर्थतज्ज्ञांच्या समितीने अशा सर्वेक्षणांसाठी अटी घातल्या: शक्यतो समोरासमोर मुलाखत, हो-नाही मतदान, घरखर्चाची आठवण करून देणं, आणि नुकसान वाढलं की रक्कमही वाढते का याची चाचणी. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात झालेल्या 'डीपवॉटर होरायझन' तेलगळतीच्या अभ्यासात कमी नुकसानीच्या यादीला कुटुंबामागे 136 डॉलर आले, मोठ्या यादीला 153. त्यावरून एकूण 17.2 अब्ज. 2016 च्या तडजोडीत निसर्गाच्या नुकसानीपोटी ठरले जास्तीत जास्त 8.8 अब्ज.