तुम्ही विचारलंत म्हणून: पदवीधर तरी धर्म बाजूला ठेवून मत देतात का?

पदवीधर मतदारसंघाची नोंदणी निघाली की मी अठरा नंबरचे फॉर्म घेऊन दारोदार फिरतो. दर वेळी कुणीतरी विचारतंच, "निदान शिकलेले तरी जात-धर्म बाजूला ठेवून मत देतात का हो?"

मला ऑक्सफर्ड आठवतं. १६०३ पासून १९५० पर्यंत त्या विद्यापीठाचे स्वतःचे दोन खासदार ब्रिटिश संसदेत असत. मतदार म्हणजे तिथले एम.ए. आणि डॉक्टर; त्यातले कितीतरी चर्च ऑफ इंग्लंडचे, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत प्रोटेस्टंट चर्चचे, खेड्यापाड्यांतले पाद्री. तिथला खासदार रॉबर्ट पील १८१७ पासून त्यांचा लाडका, कारण कॅथलिकांना संसदेत घ्यायला त्याचा ठाम विरोध. पण १८२९ साली कॅथलिकबहुल आयर्लंड पेटायच्या बेताला आलं आणि गृहमंत्री असलेल्या पीलनं भूमिका बदलली. ज्या शब्दावर मतं घेतली तो आपण पाळत नाही, म्हणून त्यानं राजीनामा दिला आणि पुन्हा त्याच मतदारांपुढे उभा राहिला. या एका गोष्टीसाठी मला हा माणूस फार मोठा वाटतो. आपल्याकडे शब्द फिरवून जागा सोडलेले किती आठवतात?

पाद्री गावोगावहून मत द्यायला आले. कॅथलिकांना विरोध करणाऱ्या सर रॉबर्ट इंग्लिसला ७५५ मतं, पीलला ६०९. पील ज्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात शिकला, तिथल्या जिन्याखालच्या दारावर 'नो पील' ही अक्षरं आजही वाचता येतात. घरच्याच पोराला दार बंद! कॅथलिकांचा कायदा त्याच एप्रिलात झाला तो झालाच. पुढे १८६५ मध्ये ग्लॅडस्टन, जो नंतर पंतप्रधान झाला, तोही तिथेच १८० मतांनी पडला. आयर्लंडमधल्या चर्चबद्दलची त्याची मतं पाद्र्यांना खुपत होतीच.

तेव्हा उत्तर सरळ आहे: नाही, शिक्षणानं धर्म मागे पडत नाही. पण मला त्याहून जास्त लागतं ते मतदारयादीचं. १८५४ पर्यंत ऑक्सफर्डला प्रवेश घेतानाच चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्ममतांच्या ३९ कलमांवर सही करावी लागे. कॅथलिक, ज्यू दारातच अडत. ज्यांच्या हक्काचा निकाल लागत होता, त्यांना यादीत जागाच नव्हती.

म्हणून ज्या वस्तीतून एकही अर्ज येत नाही, तिथे मी आधी जातो. गेल्या खेपेला एका मुलीनं आईच्या साड्यांच्या घडीतून पदवीचं प्रमाणपत्र काढून दिलं. यादीत त्यांच्या चाळीचं ते पहिलंच नाव.