रिले पॅनेल काढून पीएलसी बसवला: सोलापूरच्या डाईंग हाऊसमधला माझा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलसाठी सूत रंगवणारं एक प्रोसेस हाऊस आहे. तिथल्या चीज डाईंग मशीनचं जुनं रिले-टायमरचं पॅनेल काढून पीएलसी, म्हणजे प्रोग्रामवर मशीन चालवणारा कारखान्यातला छोटा संगणक, बसवायचं काम माझ्याकडे आलं. पॅनेलच्या धंद्यात मी बरीच वर्षं आहे, पण हे काम लिहून ठेवावंसं वाटलं. पीएलसी म्हटलं की नवीन पोरं पहिला प्रश्न प्रोग्रामचा विचारतात. माझा अनुभव वेगळा आहे. इथलं ऊन, सुताची रुई, वाफ, भिंतीतून गेलेल्या केबली आणि मास्तरांच्या डोक्यात असलेला कामाचा क्रम, एवढं नीट सांभाळलं तर प्रोग्राम आपोआप सोपा होतो.

मशीन ओळखीचं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भोकं असलेल्या नळीवर सैलसर गुंडाळलेलं सूत म्हणजे चीज. अशी चीजं उभ्या दांड्यांवर रचून बंद टाकीत सोडतात आणि पंप रंगाचं पाणी त्यांतून फिरवतो, काही मिनिटं आतून बाहेर, मग काही मिनिटं बाहेरून आत. दिशा बदलली नाही तर आतलं सूत गडद आणि बाहेरचं फिकट निघतं. वाफ तापवते, गार पाण्याची कॉइल थंड करते. जुन्या पॅनेलमध्ये हे सगळं टायमर, तापमानाचा एक कंट्रोलर आणि ऑपरेटरची नजर यांवर चालायचं.

मी लॅपटॉप उघडायच्या आधी वही घेऊन डाईंग मास्तरांशेजारी बसलो. पद्मशाली घरातले, घरी तेलुगू, कामावर मराठी, आणि रंगातला आयुष्यभराचा हात. मी विचारत गेलो, ते सांगत गेले. पाणी भरायचं, रंग सोडायचा, गार पाण्यातच थोडं फिरवायचं, मग मीठ. मीठ गेल्यावर तापमान मिनिटाला एक-दीड अंशानं चढवत ६० पर्यंत न्यायचं. तिथं स्थिर झालं की सोडा, तोही एकदम नाही, हप्त्याहप्त्यानं. सोड्यानं पाणी अल्कधर्मी झालं की रंग सुताला कायमचा धरतो, आणि तो धरताना घाई झाली तर डाग पडतात. मी विचारलं, "मास्तर, सोडा चाललाय आणि मध्येच पंप थांबला तर?" ते लगेच म्हणाले, "मग सोडा पण थांबला पाहिजे. पंप बंद असताना सोडा गेला की तो लॉट गेला बघा." जुन्या पॅनेलमध्ये हे इंटरलॉक, म्हणजे एक थांबलं की दुसरं आपोआप थांबवणारी जोडणी, नव्हतंच. ऑपरेटर धावत जाऊन कॉक बंद करायचा. माझ्या वहीत ते पहिल्या ओळीत गेलं.

त्या वहीतूनच आय/ओची, म्हणजे पीएलसीत येणाऱ्या संकेतांची (इनपुट) आणि त्यातून जाणाऱ्या हुकमांची (आउटपुट) यादी तयार झाली. प्रत्येक इनपुट-आउटपुटला एक नाव, एक नंबर, केबल कुठून कुठे, आणि ही वायर तुटली तर मशीननं काय करायचं. शेवटचा रकाना बहुतेक जण सोडून देतात, मी तो कधीच सोडत नाही. म्हणूनच स्टॉपचं बटण एनसी घ्यायचं, म्हणजे न दाबता जोडलेलं आणि दाबल्यावर तुटणारं. वायर तुटली तरी इनपुट जातो आणि मशीन थांबतं. एनओ, म्हणजे दाबल्यावर जोडणारं, घेतलं आणि वायर तुटली, तर बटण दाबणाऱ्याला ते तेव्हाच कळेल.

पीएलसी सीमेन्सचा एस७-१२०० घेतला, सीपीयू १२१४सी. त्यावर १४ डिजिटल इनपुट आणि १० रिले आउटपुट येतात. जोडीला इनपुट-आउटपुटचं एक एक्सपान्शन आणि तापमानाच्या सेन्सरसाठी आरटीडी मॉड्यूल लावलं. ब्रँडचा हट्ट मी धरत नाही. डेल्टा असो, मित्सुबिशी असो, काम तेच. फक्त इथं एका गोष्टीकडे आधी बघावं लागलं. दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हवरचे प्रॉक्झिमिटी सेन्सर (न शिवता धातू ओळखणारे) जुने, एनपीएन, म्हणजे उणे बाजू जोडणारे. नवे घ्यायचे ते पीएनपी, म्हणजे अधिक बाजू जोडणारे. या सीपीयूच्या इनपुटांना कॉमन टर्मिनल एकच, १एम. त्याला उणे दिलं तर पीएनपी चालतात, अधिक चोवीस दिलं तर एनपीएन चालतात, दोन्ही एकत्र नाही. जुने सेन्सर मधे रिले घालून चालवता आले असते, पण त्यांची डोकी रंगाच्या पाण्यानं खाल्लेली होती. सगळे पीएनपी करून टाकले.

आता ऊन. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ ला टेकतो आणि डाईंगच्या शेडमध्ये त्यावर वाफेची भर पडते. एस७-१२०० आडवा, म्हणजे आडव्या रेलवर बसवला तर ६० अंशांपर्यंत चालतो. उभ्या रेलवर तीच मर्यादा ५० आहे. जागा वाचवायला रेल उभी लावलेली पॅनेलं मी पाहिलीत आणि उन्हाळ्यात ती का बंद पडतात हेही पाहिलंय. वर-खाली २५ मिलिमीटर मोकळी जागा सोडायला कंपनी सांगते, ती जागा वायरींच्या चॅनलला देऊन टाकू नये. ११ किलोवॅटचा पंप ड्राइव्हवर, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणावर आहे. ड्राइव्हमध्ये साधारण तीन टक्के वीज उष्णता होऊन निघते, म्हणजे तीनशे वॅटच्या वर. तो पीएलसीच्या शेजारी बसवणं मला पटत नव्हतं. त्याला वेगळा कप्पा दिला.

यापेक्षा मोठा प्रश्न पॅनेल ठेवायचं कुठं हा होता. जुनं पॅनेल मशीनच्या अगदी अंगाला होतं. त्याच्या आतल्या बसबारवर हिरवट थर आणि टर्मिनलांवर रुई चिकटलेली, कारण शेजारीच सॉफ्ट वाइंडिंगचं, म्हणजे सूत सैल गुंडाळायचं खातं. पंखा लावला तर तो दमट हवा आणि रुईच आत ओढणार. पंखा नाही लावला तर उन्हानं शिजणार. मी शेठना म्हटलं, पॅनेल भिंतीपलीकडच्या खोलीत घेऊ, मशीनपाशी फक्त टचस्क्रीन, इमर्जन्सी आणि दोन-चार बटणं ठेवू. शेठ म्हणाले, "केबल किती वाढेल ते सांग." वाढत होतीच. पण एक लॉट बिघडला तर सूत, रंग, वाफ आणि पाणी यांचं किती जातं ते मास्तरांनी त्यांच्यासमोर जोडून दाखवलं आणि खोलीचं ठरलं. पाण्याचं नाव काढल्यावर सोलापुरात वेगळं पटवावं लागत नाही. खोलीतल्या पॅनेलला खालून फिल्टरचा पंखा, वरून हवा बाहेर जायची जाळी.

वायरिंगचं फार सांगत नाही. डीसी कंट्रोलला निळी वायर, एसी कंट्रोलला लाल. प्रत्येक टोकाला फेरूल (तारा एकत्र धरणारी धातूची टोपी) आणि दोन्ही टोकांना नंबर. पीएलसीच्या रिले आउटपुटवर व्हॉल्व्हची किंवा काँटॅक्टरची कॉइल थेट लावली नाही. त्या आउटपुटची ताकद दोन अँपिअर आहे हे खरं, पण कॉइल सुटताना उलटा मारा करते आणि आतला रिले हळूहळू जळतो. तो बदलता येत नाही, मॉड्यूल बदलावं लागतं. म्हणून मधे बाहेरचा इंटरपोझिंग रिले लावला, तो दुकानात कधीही मिळतो. डीसी कॉइलवर उलटा डायोड, एसी कॉइलवर आरसी स्नबर, दोन्ही तो उलटा मारा शोषायला. आणि केबल मेगर करायची, म्हणजे जास्त व्होल्ट देऊन तिचं इन्सुलेशन तपासायचं, तर पीएलसीकडची टोकं सोडून. पाचशे व्होल्ट चोवीसच्या कार्डात गेले की काय होतं ते सांगायला नको.

ज्या गोष्टीनं सगळ्यांची झोप उडवली ती तापमानाची उडी. पंप बंद असताना स्क्रीनवर तापमान शांत. ड्राइव्ह सुरू केला की आकडा तीन-चार अंश वर-खाली नाचायचा. मिनिटाला एक अंशानं चढायचं म्हणणाऱ्या कामात एवढी उडी म्हणजे वाफेचा व्हॉल्व्ह वेड्यासारखा उघडझाप करणार. आधी सेन्सरच तपासला. पीटी-१०० म्हणजे शून्य अंशाला १०० ओहम, १०० अंशाला १३८.५, अंशामागे साधारण ०.३८५. वायर सोडवून मल्टिमीटर लावला तर त्या वेळच्या ३५ अंशांना ११३.६ च्या आसपास दिसत होतं, एकाच रंगाच्या दोन वायरींमध्ये जवळपास शून्य. सेन्सर चांगला, तीन वायरची जोडणीही बरोबर. दोन वायरवर चालवला असता तर केबलच्या एका ओहममागे अडीच अंशांची चूक आली असती, तेही नव्हतं.

कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियननं अर्थिंगकडे बोट दाखवलं. त्यात तथ्य होतं, पण अर्धं. आपल्याकडे उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि पिटातली, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यातली, ओल संपते. टेस्टर लावला तर पिटाचा रोध खूप वाढलेला. तो आम्ही सुधारलाच, नवा इलेक्ट्रोड आणि पाणी घालायला पाइप दिला, कारण विजेच्या कडकडाटात आणि बिघाडात माणसाचा जीव त्यावर असतो. तरी आकडा नाचतच राहिला. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं: पिट वेगळा आणि बाँडिंग, म्हणजे धातूचे भाग एकमेकांना बांधणं, वेगळं. ड्राइव्हमधून निघणारा उच्च वारंवारतेचा विजेचा गोंगाट (नॉइज) जमिनीत जात नाही, त्याला ड्राइव्हकडे परत यायचा जवळचा रस्ता हवा असतो. तो रस्ता इथं बंद होता. ड्राइव्ह रंग मारलेल्या पत्र्यावर बसलेला, मोटरची केबल बिनशिल्डची, आणि सेन्सरची केबल जुन्या ट्रेमधून तिला चिकटून आणलेली. पत्र्याचा रंग खरवडला, चपट्या विणलेल्या पट्टीनं ड्राइव्ह, पत्रा आणि दार एकत्र बांधलं. मोटरला शिल्डची केबल टाकून तिचं शिल्ड दोन्ही टोकांना पूर्ण गोलाईनं क्लॅम्प केलं. सेन्सरची केबल वेगळ्या लोखंडी पाइपातून, शिल्ड फक्त पॅनेलच्या टोकाला जोडलेलं. दोन्ही केबली जिथं एकमेकींना ओलांडतात तिथं काटकोनात. ड्राइव्ह सुरू केला, आकडा जागचा हलला नाही. प्रोग्राममध्ये फिल्टर टाकून उडी झाकता आली असती. ते मला मान्य नाही. झाकलेली उडी पुढे दुसऱ्या कुठल्या इनपुटवर निघते.

झाकणाबद्दल मात्र मी कुणाचंही ऐकलं नाही. टाकीत दाब असताना किंवा पाणी गरम असताना झाकण उघडलं तर माणूस भाजतो. इमर्जन्सी आणि झाकणाचं इंटरलॉक प्रोग्रामवर सोडलं नाही. प्रेशर स्विच आणि तापमानाचा वेगळा स्विच झाकणाच्या लॉकच्या सर्किटमध्ये थेट वायरनं घेतले, पीएलसीला फक्त खबर दिली. साधा पीएलसी हा सुरक्षेचा पीएलसी नव्हे.

प्रोग्राम लॅडरमध्येच, म्हणजे रिलेच्या सर्किटासारख्या चित्रांत लिहिला. कारखान्याचा इलेक्ट्रिशियन रिलेची सर्किटं वाचत मोठा झालेला, त्याला लॅडर पहिल्याच दिवशी कळलं. ते साहजिकच आहे. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिले पॅनेलांना पर्याय हवा होता, त्यातून मॉडिकॉन ०८४ हा पहिला पीएलसी आला आणि इलेक्ट्रिशियनला वाचता यावं म्हणून चित्र रिलेचंच ठेवलं गेलं. त्याला एकच नवी गोष्ट समजावली: पीएलसी सगळे इनपुट एकदा वाचतो, प्रोग्राम वरून खाली सोडवतो, मग आउटपुट लिहितो, आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एकच आउटपुट दोन ठिकाणी लिहिला तर खालचा जिंकतो.

मग आय/ओ तपासणी. मोटरचे एमसीबी खाली, हवेची लाइन बंद. इलेक्ट्रिशियन मशीनपाशी एकेक स्विच हातानं दाबतोय, मी पॅनेलपाशी दिवा बघतोय, यादीवर खूण करतोय. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून कुणी वेळ वाचवलेला मी पाहिला नाही. त्यानंतर नुसत्या पाण्यावर पूर्ण फेरी.

पाण्यावर वाफेचा स्वभाव कळला. व्हॉल्व्ह उघड-बंद प्रकारचा, त्यामुळे ६० ला बंद केला तरी कॉइलमधली उरलेली वाफ तापमान पुढे ढकलायची. ६० हा आकडा एकदम न देता सेटपॉइंटच मिनिटाला ठरलेल्या वेगानं सरकवला आणि पीआयडीचं (हवं ते आणि असलेलं तापमान यांतल्या फरकावरून किती वाफ द्यायची ते ठरवणाऱ्या गणिताचं) उत्तर व्हॉल्व्हला काही सेकंद उघडा, काही सेकंद बंद असं वाटून दिलं. बॉयलरवरचं दुसरं मशीन वाफ ओढू लागलं की चढण मंदावते, तेव्हा सेटपॉइंट थांबून वाट बघतो. होल्डचा, म्हणजे तापमान स्थिर ठेवायचा, वेळही तापमान ठरलेल्या पट्ट्यात असेल तेव्हाच मोजला जातो. वीज गेली तर पायरी आणि उरलेला वेळ स्मृतीत राहतो, पण वीज आल्यावर मशीन आपणहून सुरू होत नाही. स्क्रीन मराठीत विचारते, ऑपरेटर टाकीकडे बघून हो म्हणतो.

पहिला लॉट कुठला घ्यायचा हे मास्तरांनी ठरवलं. काळा. फिक्या रंगात किंवा फिरोजीत बारीक फरकही डोळ्यात येतो, काळा सांभाळून घेतो. काळा बरा निघाला, मग मरून, मग निळा. फिक्या आकाशीचं चीज आतून, मधून आणि बाहेरून उलगडून त्यांनी उन्हात धरलं आणि काहीच न बोलता पुढच्या लॉटची चिठ्ठी ऑपरेटरकडे दिली.

देताना मी प्रोग्रामला पासवर्ड ठेवला नाही. कॉमेंटसह पूर्ण प्रोजेक्ट शेठच्या पेन ड्राइव्हवर, ड्रॉइंग आणि आय/ओची यादी पॅनेलच्या दारातल्या खिशात. बनवणारा सापडत नाही आणि पासवर्ड कुणाला माहीत नाही म्हणून उभी असलेली मशीनं मी पाहिली आहेत. मशीन ज्यानं विकत घेतलं त्याचं ते असतं. फिल्टर दर आठवड्याच्या सुट्टीला झटकायचा हे इलेक्ट्रिशियननं दारावर खडूनं लिहून टाकलं.

आता दुसऱ्या मशीनचं काम निघालंय. त्याची यादी करायला गेलो तर मास्तरांनी आधीच वहीत लिहून ठेवली होती, वायर तुटली तर काय याच्या रकान्यासकट. त्यात सोड्याच्या टाकीला तळाशी एक लेव्हल स्विच मागितलाय, टाकी खरंच रिकामी झाली का ते कळायला. तो पहिल्या मशीनलाही लावतो आहे.