मोगम्मा, कबाब आणि आदिल इमाम

कैरोत सादात मेट्रो स्टेशनातून तहरीर चौकात वर आलो आणि आधी मोगम्मा शोधला. म्युझियम नंतर. ही करड्या रंगाची, अर्धगोलाकार, अवाढव्य सरकारी इमारत. पासपोर्ट, परवाने, दाखले, सगळ्यासाठी पिढ्यान् पिढ्या इथेच खेटे घातले गेले. २०२१ मध्ये कचेऱ्या हलवल्या, आता म्हणे इथे हॉटेल होणार. आमच्या टॅक्सीवाल्याला ते फारच गमतीचं वाटत होतं. ज्या खिडक्यांवर बापजन्मी कोणी 'या, बसा' म्हटलं नाही, तिथे आता पाहुण्यांची सरबराई!

मी मोगम्मा पाहायला आलो तो इजिप्तचा लाडका विनोदी नट आदिल इमाम याच्यामुळे. १९९२ चा 'अल-इरहाब वल-कबाब', म्हणजे 'दहशतवाद आणि कबाब', हा त्याचा सिनेमा इथेच घडतो. साधा बाप मुलांची शाळा बदलून घ्यायला येतो. सरकारी काम आणि सहा महिने थांब! टेबलावरचा कारकून कायम नमाजात. बाचाबाची होते, झटापटीत पहारेकऱ्याची बंदूक याच्या हातात येते आणि बघता बघता तो 'दहशतवादी' ठरतो, आतली माणसं ओलीस. बाहेर फौजफाटा, थेट गृहमंत्री हजर. मागणी काय, विचारलं तर आत कोणालाच धड सुचत नाही. शेवटी मागतात कबाब आणि कोफ्ता. वाहिद हामिदची पटकथा, शरीफ अराफाचं दिग्दर्शन. मला विचाराल तर इमामचा हाच सर्वात धारदार सिनेमा.

गंमत म्हणजे इमाम स्वतः नावारूपाला आला तो कारकून होऊनच. कैरो विद्यापीठातला शेतकी शिकलेला हा मुलगा, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फुआद अल-मुहंदिस या नटाच्या नाटकात वकिलाचा कारकून झाला. छोटंसं काम, पण लोकांनी उचलून धरलं. मग 'मद्रसत अल-मुशाग़िबीन' या नाटकातला वांड विद्यार्थी, १९७६ चं 'शाहिद मा शाफ्श हागा' आणि १९९३ चं 'अझ-झईम'. झईम, म्हणजे नेता, हे बिरुद त्याला तिथून चिकटलं.

टॅक्सीवाल्याने सिग्नलला त्याची नक्कल करून दाखवली. भुवया वर, खालचा ओठ लोंबता, नजर तिरकी. इंग्रजी यथातथाच, त्यामुळे पुढचं सगळं चेहऱ्यानेच. मी भारतीय म्हटल्यावर 'अमिताभ!' झालंच. ते इथे चुकत नाही.

नुसता हसवणारा नट म्हणून इमामला सोडून देता येत नाही. १९८८ मध्ये दक्षिणेतल्या अस्यूत शहराकडे कट्टरपंथीयांनी नाटकवाल्यांवर हल्ला केला, तेव्हा हा आपलं नाटक घेऊन अस्यूतलाच गेला. १९९४ च्या 'अल-इरहाबी' सिनेमात त्याने अतिरेक्याचीच भूमिका केली. २०१२ मध्ये धर्माचा अवमान केल्याबद्दल तीन महिन्यांची शिक्षा सुनावली गेली, ती अपिलात रद्द झाली. त्याच वेळी २०११ च्या उठावात पायउतार झालेल्या राष्ट्राध्यक्ष मुबारकच्या बाजूने बोलणाराही तोच, हे इथली तरुण मंडळी विसरलेली नाहीत. टॅक्सीवाला त्यावर बोलला नाही. मीही विचारलं नाही.

दुपारी जेवायला कबाब-कोफ्ताच. इथे तो किलोवर मिळतो. अर्धा किलो सांगितला. पार्सलीच्या गादीवर कोळशाचा वास असलेले तुकडे आले, सोबत ताहिनी, म्हणजे तिळाची चटणी, आणि गरम बलदी, म्हणजे इथली गव्हाची रोटी. पहिला घास घेतला आणि त्या ओलीस मंडळींची मागणी अगदीच रास्त वाटली.