एडीएचडीची गोळी आणि मेडिकलचं काउंटर : माझा अनुभव

ज्यांचं एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या आजाराचं निदान झालंय, हातात डॉक्टरांची चिठ्ठी आहे आणि तरी गोळी मिळत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकी सगळं कसंबसं निभावलं मी, पण मेडिकलच्या काउंटरवर जो जीव गेलाय त्याचा राग अजून उतरलेला नाही.

आधीचं थोडक्यात सांगते. मी लातूरची. दहावीपर्यंत कोणाला शंकासुद्धा आली नाही, कारण आमच्याकडे सकाळी क्लास, मग शाळा, संध्याकाळी परत क्लास, सारख्या टेस्ट आणि रात्री आई शेजारी बसलेली. डोकं भरकटायला वावच नव्हता, त्यामुळे मार्क मिळत गेले. मग सीए करायला पुण्यात आले, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचं, अभ्यासिकेत जागा घेतलेली आणि विचारणारं कोणी नाही. तिथे सगळं कोसळलं. अकाउंटिंग स्टँडर्डचं एकच पान उघडून तास तास बसायचे, वाचतेय असंच वाटायचं आणि डोक्यात काही नाही. घरच्यांना वाटायचं पुण्याची हवा लागली.

निदान मात्र नीट झालं. डॉक्टर मॅडमनी भरपूर वेळ दिला, १८ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला आणि लहानपणाबद्दल विचारलं, कारण लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. आईने शाळेतली प्रगतिपुस्तकं शोधून फोटो पाठवले. "हुशार आहे पण लक्ष नसते", "वह्या विसरते", हे वर्षानुवर्षं बाईंच्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि कोणी त्याकडे आजार म्हणून बघितलं नव्हतं. मुली वर्गात दंगा करत नाहीत, नुसत्या खिडकीबाहेर बघत बसतात, म्हणून त्यांचं राहून जातं असं मॅडम म्हणाल्या. मला त्या दिवशी रडू आलं, पण बरं वाटून.

हो, एक राहिलं. त्याच्याआधी मी ऑनलाइन कन्सल्टेशन घेतलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की स्टिम्युलंट, म्हणजे एडीएचडीत देतात ती मेंदूला चालना देणारी गोळी, व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याच्या नियमांमध्येच तशी मनाई आहे. तेव्हा कोणी ऑनलाइन पैसे भरणार असेल तर हे आधी माहीत असू दे, समोरासमोर जावंच लागतं. आणि ऑनलाइन फार्मसीवर पण ही गोळी शोधत बसू नका.

तर आता मुख्य गोष्ट. मॅडमनी बीपी, नाडी, ईसीजी बघून मिथाइलफेनिडेट १० मिलिग्रॅम सुरू केलं. आपल्याकडे एडीएचडीसाठी मुख्य स्टिम्युलंट हेच, दुसरं औषध अॅटोमोक्सेटिन, ते स्टिम्युलंट नाही, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात पण ते साध्या चिठ्ठीवर मिळतं. मिथाइलफेनिडेट मात्र शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं, शिवाय १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीतही आहे. हे मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मी आपली क्रोसिन घ्यायला जावं तशी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले.

पहिला म्हणाला "नाही". दुसरा म्हणाला "हे येत नाही आता, बंद झालं". बंद वगैरे काही झालेलं नाही, पण तो इतक्या खात्रीने बोलला की मी मॅडमना फोन करून विचारलं. तिसऱ्या दुकानात गर्दी होती. काकांनी चिठ्ठी हातात घेतली, उलटी करून बघितली, परत सुलटी केली, मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आतल्या पोऱ्याला मोठ्याने म्हणाले, "अरे ते नशेचं असतं ना, ते मागतायत." मागे रांगेत पाच-सहा माणसं. मी म्हणलं काका, मानसोपचार तज्ज्ञांची चिठ्ठी आहे, नाव-पत्ता-शिक्का सगळं आहे. तर म्हणे, "ताई, तुम्ही विद्यार्थी ना? अभ्यासाला गोळी कशाला लागते, लवकर उठत जा." मी काही न बोलता बाहेर आले. उत्तरं आत्ता सुचतात सगळी, तेव्हा नुसते कान तापले होते. ज्या माणसाला लायसन्स नाही त्याने "आमच्याकडे ठेवत नाही" एवढं म्हणावं की, चार लोकांत गर्दुल्ला ठरवायचा अधिकार कोणी दिला?

कारण खरा मुद्दा लायसन्सचाच आहे. शेड्यूल एक्सची औषधं विकायला मेडिकलवाल्याला नेहमीच्या लायसन्सपेक्षा वेगळं, २०-एफ फॉर्मचं लायसन्स लागतं. माल कुलपात ठेवायचा, प्रत्येक विक्रीची नोंद ठेवायची, चिठ्ठीची एक प्रत २ वर्षं जपून ठेवायची. एवढ्या कटकटीसाठी महिन्याला दोन-चार गिऱ्हाईकं, म्हणून छोटे दुकानदार त्या भानगडीत पडतच नाहीत. हे मला समजतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे कोणी सांगत नाही. मॅडमच्या रिसेप्शनवर एक कागद चिकटवला असता तरी माझी सगळी वणवण वाचली असती.

शेवटी अभ्यासिकेतल्या एका मुलीच्या भावाने सांगितलं की मोठ्या हॉस्पिटलच्या आतल्या फार्मसीत विचार, मानसोपचार विभाग असेल तिथे ठेवतात. गेले. तिथे गोळी होती! कपाटात दिसत होती! आणि दिली नाही. म्हणे चिठ्ठीच्या २ प्रती लागतात. मी पळत जाऊन झेरॉक्स काढून आणली, तर झेरॉक्स चालत नाही, दोन्हीवर डॉक्टरांची पेनाची सही पाहिजे. शिवाय चिठ्ठीवर रोज किती घ्यायची ते लिहिलंय पण एकूण गोळ्या किती ते लिहिलेलं नाही, तेही पाहिजे. माणूस नियमाने बोलत होता, नियम तसाच आहे, पण मॅडम आठवड्यातून दोनच दिवस बसायच्या आणि माझी सीए इंटरच्या पहिल्या ग्रुपची परीक्षा तोंडावर आलेली. म्हणजे परत थांबा. जिला कागद सांभाळणं, तारखा लक्षात ठेवणं, रांगेत तग धरणं हेच जमत नाही म्हणून औषध दिलंय, तिच्याकडून औषधासाठी नेमकं तेच करून घ्यायचं, यात कोणाला काही चुकीचं वाटत नाही का?

मिळाली एकदाची. फार्मसिस्टने कुलूप उघडलं, रजिस्टरमध्ये नाव-पत्ता लिहिला, एक प्रत ठेवून घेतली, दुसरीवर तारीख आणि शिक्का मारून परत दिली. स्ट्रिपवर डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरात एक्सआरएक्स (XRx) छापलेलं असतं, ती शेड्यूल एक्सची खूण, ते बघून घाबरू नका.

आता मी काय करते ते सांगते. मॅडमच्या केबिनमधून उठायच्या आधी तिथेच उभं राहून तपासते : २ प्रती, दोन्हीवर सही-शिक्का, नाव, पत्ता, तारीख, डोस, एकूण गोळ्या. मेडिकलला जायच्या आधी फोन करते आणि औषधाचं नाव नाही विचारत, पहिलं विचारते "शेड्यूल एक्सचं लायसन्स आहे का?" नाव घेतलं की उगाच नाही म्हणून मोकळे होतात. असं विचारत विचारत मी दोन दुकानं पक्की केलीत, एकीकडे माल नसला तर दुसरीकडे. आणि आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढची तयारी सुरू करते. एका चिठ्ठीवर एकदाच माल मिळतो, डॉक्टरांनी परत द्या असं स्पष्ट लिहिलं असेल तरच परत.

गोळीबद्दल पण सांगते, नाहीतर नुसतं दुकानदारावरच बोलत बसेन. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, माझी आता जास्त वेळ परिणाम टिकणारी गोळी आहे, सकाळी एक. भूक मरते, दुपारी मेसचं ताट समोर आलं की नको वाटतं, म्हणून गोळीच्या आधी पोहे, अंडी, दूध जे असेल ते पोटभर खाऊन घेते. दुपारनंतर घ्यायची नाही, झोप उडते. चहा कमी केला, छातीत धडधड व्हायची. संध्याकाळी उतरते तेव्हा चिडचिड होते, त्या वेळेत आईला फोन करत नाही. आणि ही गोळी अभ्यास करून देत नाही. ती चढताना हातात जे असेल त्यात तुम्ही घुसता. मोबाईल असेल तर मोबाईलमध्ये तीन तास. म्हणून गोळी घेतली की फोन लॉकरमध्ये आणि मी डेस्कवर. पण एका बैठकीत कॉस्टिंगचं पूर्ण प्रकरण मी स्वतः संपवलं त्या दिवशी जे वाटलं ते सांगता येत नाही. पहिला ग्रुप निघाला माझा.

परीक्षेच्या आदल्या रात्री मैत्रिणी मागतात, "एक दे ना". देऊ नका. कोणाच्या हृदयाचं काय असेल आपल्याला माहीत नसतं, आणि कायद्याने तो गुन्हा आहे. मी स्पष्ट नाही म्हणते, एकजण अजून बोलत नाही, चालेल.

पप्पांना पटवायला वेळ लागला. त्यांना पुढच्या भेटीला मॅडमकडेच घेऊन गेले, मी बोलण्यापेक्षा ते बरं पडलं.

अजून एक, सुट्टीत गावी जाणार असाल तर तेवढ्या दिवसांच्या गोळ्या लिहून घ्यायचं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा, आणि शिक्का मारलेली ती दुसरी प्रत स्ट्रिपबरोबरच बॅगेत ठेवा. आमच्याकडे लातूरला पप्पांनी ओळखीच्या मेडिकलवाल्यांकडे विचारलं होतं, कोणाकडेच ही गोळी नव्हती.