अस्, भू आणि ‘सेर’

आमच्या संस्कृतच्या बाई धातू चालवून घ्यायच्या तो ठेका अजून माझ्या जिभेवर आहे. अस्मि स्वः स्मः, असि स्थः स्थ, अस्ति स्तः सन्ति. आठवीचा वर्ग पत्र्याखाली भरायचा. पाऊस वाढला की बाईंचा आवाजही चढायचा आणि शेवटच्या बाकावरून ‘सन्ति’ खणखणीत ऐकू येईपर्यंत त्या पुढे जात नसत.

आज मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचे तर मला त्या तासाबद्दलच लिहावेसे वाटते, कारण माझ्या पोटापाण्याच्या भाषेतले सर्वांत अवघड क्रियापद मला त्या तासामुळे समजले.

ते क्रियापद म्हणजे ‘सेर’, असणे. त्याचा वर्तमानकाळ सोय, एरेस, एस, सोमोस, सोइस, सोन. इथवर ‘स’ कुठे ना कुठे हाती लागतो. मग भूतकाळ येतो: फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन. आता हा ‘फ’ कुठून आला? त्यात ‘इर’ म्हणजे जाणे, त्याचाही भूतकाळ हाच, एका अक्षराचा फरक नाही. ‘फुई प्रोफेसोरा’ म्हणजे मी शिक्षिका होते, ‘फुई आ सेविया’ म्हणजे मी सेव्हिलला गेले. नवी मुले इथे हमखास वैतागतात आणि ‘पाठच करायचं का?’ असे विचारतात.

पाठ तर करायचेच. पण बाईंनी ‘अस्’चा भविष्यकाळ ‘भविष्यति’ का होतो ते सांगितले होते. काही ठिकाणी ‘अस्’ म्हणजे असणे, त्याच्या जागी ‘भू’ म्हणजे होणे, हा धातू येतो. पाणिनीने त्यासाठी सूत्रच केले आहे: अस्तेर्भूः. ‘सेर’मध्येही नेमके हेच घडले आहे. ‘एस’ हे लॅटिन ‘एस्त’वरून आले, म्हणजे आपल्या ‘अस्ति’च्या कुळातले. ‘सोन’ हे ‘सुन्त’वरून, ‘सन्ति’च्या कुळातले. ‘फुई’ मात्र ‘भू’च्या घराण्यातले. आणि खुद्द ‘सेर’ हा शब्द, तसाच त्याचा भविष्यकाळ ‘सेरे’, लॅटिन ‘सेदेरे’वरून, म्हणजे बसणे, आपला ‘सद्’ धातू! एका क्रियापदात तीन धातू नांदताहेत. हे पहिल्यांदा उलगडले तेव्हा झालेला आनंद मला आजही शब्दांत नीट सांगता येत नाही.

‘एरेस’ची गंमत वेगळीच. लॅटिनमधले ‘तू आहेस’ आणि ‘तो आहे’ ही दोन्ही रूपे झिजून ‘एस’च झाली असती. मग ‘तू’साठी भविष्यकाळातले ‘एरिस’ वर्तमानात आले, असे मानतात.

‘इर’साठी मी मुलांना मराठीकडेच वळवते. ‘जातो’चा भूतकाळ ‘गेला’, यात ‘ज’ कुठे आहे? ‘जा’ आला ‘या’ धातूवरून आणि ‘गेला’ आला ‘गम्’च्या ‘गत’वरून. आपण हे जन्मभर बोलत आलो, कधी अडलो नाही. एवढे सांगितले की ‘फुई’बद्दलची कुरकुर बरीच कमी होते.

हल्ली संस्कृत गुणांसाठी घेतात, असे ऐकते. गुण मिळोत, पण रूपे मोठ्याने म्हणून घेणे शाळेने सोडू नये, ही माझी कळकळीची विनंती. आणि बोलावलेत तर एखाद्या शनिवारी येऊन आठवीच्या मुलांना ‘सेर’ चालवून दाखवायला मला फार आवडेल. ‘अस्’ त्यांना तोवर येत असेलच.