थोरली शिकवील की त्याला!

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. गंगाखेडच्या बाजारात, शाळेच्या व्हरांड्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही भेटलं की लोक मला एकच विचारतात: "सर, तुमची थोरली कुत्री एवढी शहाणी. मग धाकट्याला वेगळं कशाला शिकवायलात? तिचं बघून शिकंल की ते!" विचारणाऱ्याच्या घरी बहुतेक एक उतारवयाचं कुत्रं असतं, आणि पोराटोरांनी नव्या पिल्लाचा हट्ट धरलेला असतो.

शिकतं, नाही असं नाही. पण काय शिकतं, ते ऐका.

आमची मैना गावठी, पिवळसर रंगाची, वय दहाच्या पुढं. बुंगाट लातूरकडचा, पश्मी या शिकारी जातीचा: काटकुळे लांब पाय, निमुळतं तोंड, कानाला रेशमासारखी झालर. नाव पुतण्यानं ठेवलंय; बुंगाट म्हणजे सुसाट. आता मी रस्त्यावर "बुंगाट!" म्हणून हाक मारली की मोटारसायकलवरची पोरं माझ्याकडं वळून बघतात. असो. मैना 'बस' म्हटलं की बसते, विचारल्याशिवाय फाटकाबाहेर पाय टाकत नाही, भाकरीच्या टोपल्याला तोंड लावत नाही. यातलं काहीही बुंगाटनं तिच्याकडून उचललं नाही. उचललं काय, तर दूधवाल्याच्या गाडीवर नेमकं कुठल्या वळणावर धावून जायचं, आणि माय तुळशीला पाणी घालायला बाहेर गेली की माजघराचं दार नाकानं लोटून थंड फरशीवर कसं पसरायचं.

यात त्याचा दोष नाही. बुडापेस्टच्या इओटव्होश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये पिल्लांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठ आठवड्यांच्या पिल्लांसमोर मोठ्या कुत्र्यानं खाऊची पेटी उघडून दाखवली. पिल्लांनी ते पाहून पेटी उघडली आणि तासाभरानंतरही ते त्यांच्या ध्यानात होतं. गंमत म्हणजे आईपेक्षा परक्या कुत्र्याचं बघून ती जास्त चांगली शिकली, आणि माणसानं करून दाखवलेलंही शिकली. म्हणजे नक्कल होते ती जिथं लगेच काही पदरात पडतं त्याची. दूधवाल्यावर धावलं की दूधवाला पळतो. पिल्लाच्या हिशेबानं ही कमाईच आहे. मैना फाटकाशी गुमान थांबते त्यात बघणाऱ्याला काय मिळतं? काहीच नाही. ते तिला मी शिकवलं होतं, त्यालाही मलाच शिकवावं लागणार.

थोरलं कुत्रं एक गोष्ट मात्र माणसापेक्षा शंभरपट चांगली शिकवतं: दात किती जोरात लावायचे. पिल्लाच्या तोंडात दुधाचे २८ दात असतात, सुईसारखे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात ते पडून पक्के ४२ येतात, आणि तोवर दिसेल ते चावायचं असतं. चप्पल, दोर, माणसाचा घोटा आणि मैनेचे कान.

मैना ओसरीतल्या बाजेखाली गोणपाटावर पडलेली असते. बुंगाट येतो, पुढचे पाय टेकून ढुंगण वर करतो आणि कानाला लोंबकळतो. ती आधी तोंड फिरवते. मग जीभ झटकन नाकावरून फिरवते. मग अंग ताठ होतं, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसायला लागतो. पिल्लू तरी सोडत नाही. मग वरचा ओठ दातांवरून सरकतो, घशातून बारीक घरघर येते, आणि अगदी शेवटी हवेत एक खाडकन चावा; त्याच्या नाकापासून बोटभर लांब. कातडीला दात लागत नाही. बुंगाट जीव गेल्यासारखा केकाटतो, पाठीवर पडून पोट दाखवतो, क्षणात उठून अंग झाडतो आणि पुन्हा जवळ जातो तो जरा बेतानं.

नेमकं इथं घरातली माणसं घोटाळा करतात. केकाटणं ऐकून माय हातातला झाडू घेऊन धावली, तो मैनेवर. "एवढंसं लेकरू हाय, त्याला खातीस का गं?" मी तिचा हात धरला. थोरल्याच्या गुरगुरण्यावर कधी ओरडू नका. गुरगुरणं म्हणजे त्यानं दिलेली नोटीस आहे. ओरडून ती बंद पाडली तर राग जागच्या जागी राहतो, फक्त इशारा जातो. पुढच्या वेळी थेट दात. तोंड फिरवणं, जीभ फिरवणं या पहिल्या दोन पायऱ्या दिसल्या की आपण उठायचं आणि पिल्लाला उचलून दुसरीकडं न्यायचं. म्हातारीला ओठ वर करायची वेळच येऊ द्यायची नाही.

पिल्लाला चार-पाच महिने सूट असते, हेही लक्षात ठेवा. त्या वयापर्यंत मोठी कुत्री बरंच खपवून घेतात, पुढं ती सवलत संपते. "आधी एवढी माया करायची, आता अंगावर जाती" असं लोक सांगत येतात ते याच वयात. आणि म्हाताऱ्याचं आखडलेलं अंग विसरू नका. सांधे दुखत असतात, ऐकू कमी येतं, झोपेत मागून कुणी येऊन आदळलं तर दचकून चावा बसतो. कुत्री एकाएकी चिडचिडी झाली तर आधी जनावरांच्या डॉक्टरला दाखवा, आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल मुळीच देऊ नका. कुत्र्याला ती घातक ठरू शकते.

म्हणून आमच्या घरात मी पहिलं काम केलं ते जागा वाटून द्यायचं. बाजेखालची जागा मैनेची. तिथं पिल्लाला बंदी, आणि ती बंदी मी पाळायला लावायची, तिनं नाही. ताटल्या दोन, त्याही वेगवेगळ्या भिंतींकडं. पिल्लाचं दिवसातून चार वेळा आणि तिचं दोन वेळा. कुणी घरी नसेल तेव्हा दोघं एकत्र मोकळी सोडायची नाहीत. पिल्लू दिवसातले अठरा-अठरा तास झोपतं. झोप झाली नाही की ते जास्त उधळतं, कमी नाही. संध्याकाळी पिसाळल्यासारखं गोल गोल पळायलंय ना, त्याला खेळ नको असतो, अंधारी शांत खोली पाहिजे असते.

आता शिकवण्याचं. दोघांना एकत्र घेऊन काही होत नाही. पिल्लाचं सगळं ध्यान थोरल्यावर असतं, आपण भिंतीशी बोलतो. रोज थोडा वेळ मैना घरात, मी आणि बुंगाट अंगणात, मग उलट. हे केलं नाही तर पिल्लू कुत्र्याचं होतं, माणसाचं होत नाही: थोरलं दिसेनासं झालं की रडून गाव गोळा करतं. बक्षीस काम झाल्या-झाल्या, दोन सेकंदांच्या आत तोंडात पडलं पाहिजे. भाकरीच्या तुकड्यासाठी बुंगाट मान वळवत नाही, त्याला उकडलेलं अंडं लागतं. माय माळकरी, त्यात संत जनाबाईंचं गाव. तेव्हा अंडी अंगणातल्या विटांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात उकडतात, आणि ते पातेलं कुणाचं आहे हे घरात कुणी विचारत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी घातला तो हाकेवर. गावठी कुत्र्याला हाक मारली नाही तरी संध्याकाळी घरी येतं. पश्मी, कारवान ही नजरेवर पळणारी जात. लांबवर काही हललं की कान बंद. आमच्या आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या गोठ्याच्या आसपास काळवीटं फिरतात, हरभऱ्यात ससे असतात. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्यामागं कुत्रं सोडणं ही शिकारच धरली जाते. "कुत्रं आपलं आपण पळालं" म्हणून सुटका होईलच असं नाही. शिवाय आपल्याकडच्या अर्ध्या विहिरींना कठडा नाही. वाऱ्यासारखं पळणारं जनावर समोरचा ससा बघतं, विहीर बघत नाही.

तेव्हा आखाड्यावर बुंगाट कासऱ्यावर असतो. बैलाचा जुना कासरा, चांगला लांब. पण तो गळ्यातल्या पट्ट्याला बांधायचा नाही, छातीवरच्या पट्ट्याला बांधायचा. भरधाव पळताना दोर संपला तर गळ्याला बसणारा हिसका मानेवर येतो. हाक एकदाच मारायची. आला की अंडं, नाही आला तर कासरा हळूच ओढून आणायचा आणि तरीही अंडं. आल्यावर मारलं तर पुढच्या वेळी तो कशाला येईल?

इथं मैनेचा उपयोग झाला, तेवढं कबूल करतो. बुंगाटला एकट्याला हाक पक्की झाल्यावर मी दोघांना शेतात नेलं आणि दोघांनाही हाक मारली. ती दुडक्या चालीनं माझ्याकडं निघाली, तिचं अंडं तिला मिळालं, आणि हा सुसाट तिला मागं टाकून आला. पेटीतल्या खाऊचंच तत्त्व.

मग पिल्लू आणावं का? म्हातारीला सोबत म्हणून आणू नका. तिला सोबत तुमची पाहिजे असते. तुम्हाला स्वतःला पाहिजे असेल, आणि थोरलं चालतं-फिरतं असेल, तर आणा. आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनीच ते विकायला मनाई आहे. पिल्लू आणण्याआधी थोरल्याची लस राहिली असेल तर ती टोचून घ्या. पिल्लाला पार्व्हो-डिस्टेंपरची लस सहा-आठ आठवड्यांपासून, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. अवघड काही वाटलं तर परभणी आणि उदगीर दोन्हीकडं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत उत्तम कुत्री बघायला मिळतात, जरूर बघा. पण तिथं मुलुखभरची जनावरं जमतात. तिथून पिल्लू उचलून थेट थोरल्याच्या अंगावर सोडू नका. पहिली भेट घराबाहेर, मोकळ्या वावरात, दोघांच्याही ओळखीच्या नसलेल्या जागी.

आणि मे महिन्यात आणू नका. सुट्टी असते म्हणून सगळे तेव्हाच आणतात, पण पारा बेचाळीसला असताना पिल्लू दिवसभर घरात कोंडून राहतं आणि म्हाताऱ्याला छळतं. दिवाळीतही नको, फटाके असतात. तुळशीचं लग्न होऊ द्या, मग बघा.